मुकुटाचा मुकादम



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून जातात. त्यांच्या रांगेत आमच्यासारख्याने उभे राहावे हे थोडे धाडसाचेच आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते हमालांच्या ओट्यावर, एस.टी.च्या प्रवासात आणि वाचनालयातून पिशवीत घालून आणलेल्या पुस्तकांत झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतनाची किंवा ऊसतोडीच्या दराची असावी. आम्ही विषय सांगितला तो राजमुकुटाच्या प्रतिनिधीचा. म्हणजे इंग्रजी अमलातला गव्हर्नर, आणि आपल्याकडे मोगलाईत त्याच्या जागी असलेला रेसिडेंट. चालक क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. युनियनवाल्याला गव्हर्नराशी काय देणेघेणे?

देणेघेणे आहे ते असे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ वाटाघाटीच्या टेबलाशी बसतो आहोत. बसल्याबरोबर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पगारवाढ नाही, बोनस नाही, आम्ही विचारतो, "साहेब, सही करण्याचा अधिकार आपल्याला आहे का?" शंभरात नव्वद वेळा समोरचा गृहस्थ चष्मा पुसू लागतो. मग म्हणतो, "मी वर कळवतो." हे 'वर' नावाचे गाव कोठे आहे ते अजून आम्हाला नकाशात सापडलेले नाही. पण त्याचा शोध घेता घेता आम्ही जुनी पुस्तके चाळू लागलो, आणि आमची अशी खात्री झाली की या देशात 'वर कळवतो' ही विद्या पूर्णत्वाला नेली ती राजमुकुटाच्या प्रतिनिधींनी. आजचे बोलणे एवढ्याच धाग्याने जाणार आहे.

'क्राउन' म्हणजे मुकुट. पण इंग्रजी कायद्यात तो सोन्याचा दागिना नव्हे. राजाच्या देहापासून वेगळी काढलेली राजसत्ता म्हणजे क्राउन. राजा मरतो, क्राउन मरत नाही. ही राजसत्ता लंडनला. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही. राज्यावर असताना येथे पाऊल ठेवलेला इंग्रज राजा एकच, पाचवा जॉर्ज, तोही १९११ साली दिल्लीच्या दरबारासाठी. बाकी साऱ्या काळात मालक गैरहजर. त्याच्या नावाने दिल्लीत व्हाइसरॉय, मुंबईत गव्हर्नर, हैदराबादेत रेसिडेंट. मुंबईचा गव्हर्नर बहुधा विलायतेतला एखादा लॉर्ड किंवा पार्लमेंटातला गृहस्थ असे. त्याची नेमणूक राजाची, सल्ला भारतमंत्र्याचा, आणि भारतमंत्र्याला जाब विचारणार लंडनचे पार्लमेंट. आमच्या आजोबांना त्या पार्लमेंटसाठी मत नव्हते, हे सांगायला नकोच.

ऊसतोडीला गेलेली माणसे या सभेत बसली आहेत. त्यांना हे सारे एका शब्दात कळेल: मुकादम. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, तो मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. दराचे विचारले की मुकादम म्हणतो, दर कारखान्याचा. कारखान्यावर गेले की ते म्हणतात, आमचा करार तुमच्याशी नाहीच, मुकादमाशी बोला. दोघेही खोटे बोलत नाहीत. कागद तसेच केलेले असतात. एक फरक मात्र केला पाहिजे. आपला मुकादम आपल्यातलाच. पावसात त्याचीही कोप गळते. मुकुटाच्या मुकादमाला मलबार हिलवर समुद्रकाठचा बंगला असे.

आता आपल्या गावाकडे येऊ. परंडा म्हटले की बाहेरची माणसे किल्ल्याचे नाव काढतात. अहमदनगर पडल्यावर १६०० साली निजामशाहीचे तख्त येथे मांडले गेले, आणि येथल्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली, हे मुलांनाही ठाऊक आहे. पण गेल्या दीडदोनशे वर्षांतली परंड्याची गोष्ट तोफेहून महत्त्वाची आहे, आणि ती कोणी सांगत नाही. आपण सरहद्दीवरचे लोक होतो. येथून पंचवीस-तीस किलोमीटरवर बार्शी. बार्शी म्हणजे इंग्रजी हद्द, आपण म्हणजे मोगलाई. मध्ये करोडगिरीचा नाका. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. बैलगाडी नाक्यावरून गेली की राजा बदले. असे म्हणत, पण ते खरे नव्हते. बदलत असे तो मुकादम. निजामाच्या डोक्यावर हैदराबादच्या कोठीतला रेसिडेंट होता, बार्शीच्या मामलेदाराच्या डोक्यावर मुंबईचा गव्हर्नर होता, आणि दोघांच्या वर एकच मुकुट होता.

याचा आपल्याला आलेला अनुभव फार जुना आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवलेली होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. पैसे निजामाचे, अंमलदार इंग्रज, आणि हुकूम रेसिडेंटचा. फौज किती असावी, तिला पगार काय द्यावा, हे पैसे देणाऱ्याने ठरवायचे नव्हते. अशा फौजेचे देणे थकते, यात नवल ते काय? उचल मुकादमाच्या वहीत वाढतच जाते. शेवटी गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुली काढली. रेसिडेंट कर्नल लो याच्या हातून २१ मे १८५३ रोजी तह झाला, आणि कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे सोपवण्यात आला. शब्द 'सोपवला' असाच होता. दिला नाही, विकला नाही; सोपवला. माणसे, गुरे, विहिरी आणि देवळे यांसकट.

नव्या अमलाचा अधिकारी म्हणून नळदुर्गास आला तो मेडोज टेलर. हा मनुष्य आम्हाला फार कुतूहलाचा वाटतो. लिव्हरपूलला जन्मलेला, पोरवयातच मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी धाडलेला, तेथून निजामाच्या नोकरीत शिरलेला. कॉलेजाचे तोंड न पाहिलेला हा पोरगा येथल्या भाषा शिकला, मोजणी शिकला, कायदा शिकला. ठगाच्या कबुलीजबाबावरची त्याची कादंबरी १८३९ साली लंडनला गाजली. पुढे १८६३ साली त्याने 'तारा' लिहिली, तिची सुरुवातच आपल्या तुळजापुरात आहे. नळदुर्गला असताना त्याने जमिनीच्या मोजणीचे, रस्त्यांचे आणि तळ्यांचे काम मनापासून केले. स्वतःच्या कष्टाने शिकलेल्या माणसाबद्दल आम्हाला ओढ वाटते, ती लपवण्याचे कारण नाही. चांगला अंमलदार होता.

चार वर्षे झाली. १८५७ आले. टेलरची बदली वऱ्हाडात बुलढाण्याकडे झाली. बंडाच्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला, कंपनी गेली, मुकुट आला, आणि गव्हर्नर जनरल कॅनिंग हा व्हाइसरॉय झाला. मुकुटाला आता निजामाच्या निष्ठेचे बक्षीस द्यायचे होते. १८६० च्या तहाने निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, शोरापूर त्याला मिळाले, आणि रायचूरचा दुआब व धाराशिवचा मुलूख परत केला गेला. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. त्याला कापूस चांगला येत होता.

बंधूंनो, या सात वर्षांत आपल्या मुलखाला कोणी काही विचारले का? १८५३ साली विचारले नाही, १८६० सालीही नाही. भांडे गहाण टाकले, भांडे सोडवून आणले. भांड्याला कोण विचारतो? टेलर चांगला होता हे आम्ही म्हटलेच. पण हा चांगला मनुष्य येथे कोणी आणला, आणि कोणी नेला? त्याने नीट केलेल्या मोजण्या, वाढवलेले कामकाज यांचे पुढे काय होणार हे ठरले त्यात आपला हात नव्हता आणि त्याचाही नव्हता. चांगल्या गव्हर्नरांची यादी सांगून इंग्रजी राज्याचे गुण गाणारे लोक आम्हाला आजही भेटतात. एल्फिन्स्टनचे नाव तर पहिलेच असते. त्यांना आमचे एवढेच विचारणे असते, की चांगला मुकादम मिळाला म्हणून करार चांगला होतो काय? त्याला काढण्याचा आणि ठेवण्याचा हक्क ज्याच्याकडे, राज्य त्याचे.

वाईट मुकादमाची गोष्ट सरहद्दीपलीकडची आहे, आणि ती मजुरांची आहे, म्हणून तीही सांगतो. १८७६-७७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने भोगला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटनने थाटाचा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. त्याच महिन्यात त्याने सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी कामांचा खर्च आवरण्यासाठी दक्षिणेत पाठवले. टेंपलने ठरवले, की खडी फोडणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमीच. मुंबई इलाख्यातील कामांवर हा दर लागू झाला, लोकांना दूरच्या कामांवर हलवण्याचे हुकूम निघाले, आणि सोलापूर-पुण्याकडच्या हजारो दुष्काळग्रस्तांनी काम सोडले. उपाशी माणसांनी संप केला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू अर्जांतून मांडली. कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून मोगलाईत आली. त्यांतली काही आपल्या वाटेनेही गेली असतील. आमच्या चळवळीचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. आम्हाला वाटते, तो सोलापूरकडच्या खडीच्या ढिगांपासून सुरू करावा.

टेंपलचे पुढे काय झाले? त्याच वर्षी मे महिन्यात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. बचत करून दाखवणाऱ्याची बढती होते, हे काही आम्हाला नवीन नाही.

अर्ज कोठे करावा हा प्रश्न त्या पिढीला फार पडला. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या ठेवल्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती मालकांच्या संघाकडून. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायदा सुधारला तो मुकुटाच्या सरकारकडून; पण त्यात मजुरांच्या अर्जाइतकाच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा रेटा होता, कारण मुंबईचा कपडा महाग पडलेला त्यांना हवा होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. 'वर' बसलेला कधी कधी आपले ऐकतो, पण ते आपल्यासाठी असेलच असे नाही.

जोतीराव फुल्यांनी तर मुकादमाला वगळून थेट मालकाच्या घरीच निरोप दिला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. ड्यूक म्हणजे राणीचा सख्खा मुलगा. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि भर मेजवानीत त्याला सांगितले, की येथे हिरेमोत्ये घालून बसलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहायची तर खेड्यात चला आणि ते आईसाहेबांच्या कानी घाला. त्या मेजवानीत गव्हर्नरी थाटाची सारी मंडळी असतील. त्यांना वगळून बोलणारा हा एकटा.

मोगलाईत अशी मेजवानीही आपल्या वाट्याला नव्हती. तेथे सभेलाच बंदी. गश्ती क्रमांक ५३ हे नाव जुन्या लोकांच्या घरात अजून घेतले जाते. परवानगीवाचून सभा नाही, म्हणून हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा भरल्या त्या काकिनाड्याला, मुंबईला, पुण्याला, अकोल्याला. आपले दुःख मांडायला आपल्याला दुसऱ्याच्या अंगणात जावे लागे. निजामाकडे दाद मागावी तर तो सांगे, मी सार्वभौम आहे, मला विचारणारा कोण? रेसिडेंटकडे जावे तर तो सांगे, संस्थानच्या अंतर्गत कारभारात आम्ही पडत नाही.

खरेच पडत नव्हते काय? १९२५ साली निजाम मीर उस्मान अलीखान याने वऱ्हाड परत मागताना लिहिले, की परराष्ट्र व्यवहार सोडले तर आपण आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहोत. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने २७ मार्च १९२६ रोजी उत्तर पाठवले. त्याचा मथितार्थ असा, की मुकुटाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, ती तहांवरही अवलंबून नाही, आणि कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने बोलू नये. चक्क! जगातल्या अतिश्रीमंतांत ज्याची गणना होई त्या निजामाला त्या पत्राने त्याची जागा दाखवली. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचा प्रश्न आला की मुकुट सर्वश्रेष्ठ. आणि परंड्याच्या माणसाला सभा भरवू देण्याचा प्रश्न आला की अंतर्गत कारभार. आम्ही कारखानदारांचे वकील पुष्कळ पाहिले. इतक्या सफाईने दोन वह्या ठेवणारा क्वचितच.

आता सोलापूर. आपल्या भागातून पोटासाठी माणसे गेली ती सोलापूरच्या गिरण्यांत; तेव्हा ती गोष्ट परकी नाही. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ, मिरवणुका, ८ तारखेला गोळीबार. माणसे मेली, पोलीसही मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. सरकारी अंमल शहरातून उठल्यासारखा झाला, आणि काही दिवस रहदारीपासून बंदोबस्तापर्यंत सारे स्वयंसेवकांनी पाहिले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला, तो ३० जूनपर्यंत चालला. मागाहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या वटहुकुमाने त्यावर कायद्याचे पांघरूण घातले. त्या दिवसांत राष्ट्रीय निशाण हाती धरणे हा गुन्हा होता, गांधी टोपी घालणाऱ्यालाही धाक होता.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून खटला झाला. कुर्बान हुसेन कामगारांत काम करणारा, 'गझनफर' नावाचे पत्र चालवणारा, विशीतला तरुण. उच्च न्यायालयाने फाशी कायम केली. मग उरली ती दया. इंग्रजी कायद्यात दया हा राजाचा खास अधिकार. तो त्याच्या नावाने येथे गव्हर्नराने आणि व्हाइसरॉयने वापरायचा. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा सर फ्रेडरिक साइक्स. हा एकच अधिकार असा, की जेथे प्रतिनिधीला 'वर कळवतो' असे म्हणण्याची गरज नव्हती. कागद त्याच्या टेबलावर होता आणि दौतही. चौघांनाही १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. शिक्षा द्यायला, गोळी घालायला, लष्कर बोलवायला खालच्याला सहीचा अधिकार. दया करायला कोणालाच नाही. सोलापूरला आम्ही संघटनेच्या कामाला गेलो की चार पुतळ्यांच्या चौकात पाच मिनिटे थांबतो.

त्याच वर्षी २२ जुलै रोजी हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात गेला असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. सोलापूरचा राग त्यामागे होता. हॉटसन त्या वेळी सरकारात गृहखाते पाहत होता. हॉटसन वाचला, गोगटे सक्तमजुरीवर गेला. त्या तरुणाच्या धैर्याला आम्ही नाव ठेवणार नाही. पण संघटनेचा माणूस म्हणून आमचे मत आहे, की गोळी लागली असती तरी दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा हंगामी बसला असता. साइक्स रजेवर गेला म्हणून हॉटसन बसला होता. हॉटसन गेला असता तर आणखी कोणी. खुर्ची रिकामी राहू नये अशीच ती बनवलेली होती.

१९३५ च्या कायद्याने लोकांचे मंत्री आले. पण गव्हर्नराकडे 'विशेष जबाबदाऱ्या' ठेवल्या: शांतता, अल्पसंख्याक, सरकारी नोकरांचे हक्क, संस्थानांचे हक्क वगैरे. हा 'विशेष जबाबदारी' शब्द ध्यानात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागेल. काँग्रेसने विचारले, हे अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही असे सांगता का? उत्तर येईना, तेव्हा मुंबईत १ एप्रिल १९३७ पासून धनजीशा कूपर यांचे बहुमत नसलेले मंत्रिमंडळ गव्हर्नराने चालवले. जुलैत बाळासाहेब खेर आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि कलम ९३ खाली सर रॉजर लुम्ले या गव्हर्नराने सगळा कारभार एकहाती घेतला. मधल्या काळात औद्योगिक कलहाच्या कायद्यावरून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी मुंबईत मोठा संप केला, तो आपल्याच लोकांच्या मंत्रिमंडळाविरुद्ध. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

त्याच १ एप्रिल १९३७ पासून आणखी एक मौज झाली. दिल्लीतल्या एकाच माणसाच्या डोक्यावर कायद्याने दोन टोप्या चढवल्या. ब्रिटिश मुलखासाठी तो गव्हर्नर जनरल, आणि संस्थानांसाठी 'क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे शब्दशः मुकुटाचा प्रतिनिधी. बार्शीच्या माणसाने त्याला एका टोपीने ओळखायचे, परंड्याच्या माणसाने दुसऱ्या. मध्ये नाका तोच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दुसरी टोपी उतरली. मुकुटाची संस्थानांवरची सत्ता लयाला गेली, आणि निजाम म्हणू लागला की आता मी मोकळा. रेसिडेंटच्या मागे शंभरावर वर्षे उभे राहिलेले हे सिंहासन रेसिडेंट गेल्यावर तेरा महिने टिकले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या त्या पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचल्या. टेलरच्या नळदुर्गला! १७ तारखेला सारे संपले. त्या तेरा महिन्यांत सरहद्दीवरच्या गावांनी जे भोगले ते घरोघर सांगितले जाते. आम्ही ते आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि येथे त्याची उजळणी करत नाही.

मुंबईकडे मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. १५ ऑगस्टनंतरही गव्हर्नर तोच राहिला, सर जॉन कॉलव्हिल. जानेवारी १९४८ पर्यंत तो इंग्रज गृहस्थ त्याच बंगल्यात, त्याच खुर्चीवर होता. मग राजा महाराज सिंग आले. कॉलव्हिलच्या अंगात १४ ऑगस्टच्या रात्री काही फरक पडला नसेल. पण १४ तारखेपर्यंत त्याच्यामागे लंडन होते, आणि १५ तारखेपासून त्याला खेरांच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे होते. माणूस तोच, पगारपत्रक बदलले. आपल्याकडे याच्या उलट: चौधरींच्या लष्करी गव्हर्नरकीनंतर २६ जानेवारी १९५० पासून निजामच राजप्रमुख झाला, आणि १९५६ पर्यंत राहिला. जो कोणाला जाब देत नव्हता, तो १९५२ पासून निवडून आलेल्या मंत्र्यांच्या सल्ल्याने सह्या करू लागला. कागदावरच्या एका ओळीचा हा प्रताप आहे; कामगारांना आम्ही करार वाचायला शिकवतो तो याचसाठी.

घटनेत राज्यपाल राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत सांगितले, की त्याला स्वतःच्या मर्जीने करायची कामे नाहीत, कर्तव्ये मात्र आहेत. त्याची शपथ राजाच्या निष्ठेची नाही. घटनेच्या रक्षणाची आणि राज्यातील जनतेच्या सेवेची आहे. परंतु तो निवडलेला नाही, नेमलेला आहे, आणि नेमणूक दिल्लीची आहे. कलम ९३ चे नातू कलम ३५६ च्या रूपाने अजून आहेत. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या बाबतीत म्हटले, की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला लावली त्याला पुरेसा आधार नव्हता. कोण बरोबर, कोण चूक, यात आम्हाला येथे जायचे नाही. पण राज्यपालाला जाब विचारणारे कोर्ट आता देशात आहे. साइक्सला ते नव्हते.

आणि आता तो शब्द. १९५६ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि कलम ३७१ मध्ये राज्यपालाच्या 'विशेष जबाबदारी'ची तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, आणि विकासखर्चाचे न्याय्य वाटप. गव्हर्नराच्या हाती जो शब्द लोकांच्या मंत्र्यांना अडवण्यासाठी ठेवलेला होता, तोच येथे मराठवाड्याच्या हिश्शासाठी वापरला. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीने अनुशेष मोजला. गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी मंडळांसाठी वर्षानुवर्षे झगडा केला. १९९४ साली मंडळे झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

सीना-कोळेगावच्या काठी बसून पाण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्याला या तारखेचे महत्त्व आम्ही सांगायला नको. मंडळाविषयी विचारले की मुंबईतून ऐकू येते, ते दिल्लीचे काम. आणि दिल्लीतून ऐकू येते, राज्याने कळवावे. हा सूर आता आपल्या कानाला ओळखीचा झाला असेल. फरक असा, की मुंबईत बसलेल्यांना आणि दिल्लीत बसलेल्यांना आपण मते दिली आहेत, त्यामुळे सहीचा अधिकार कोणाकडे हा प्रश्न दोन्ही ठिकाणी लेखी विचारता येतो आणि लेखी उत्तर मागता येते. असा एक मसुदा आम्ही सोबत आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराशी ठेवलेल्या टेबलावर असेल. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी आधी वाचावा, दुरुस्त्या सुचवाव्या, आणि पटल्यास मग सही करावी.